गंगेची शपथ घेताना पाण्याचा आकडाही सांगा

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र शासन

महोदय, स. न. वि. वि.

नाशिकच्या जुन्या वस्तीत आजही कोणी ‘गोदावरीवर जातो’ म्हणत नाही. आम्ही गंगेवर जातो. निवडणूक लागली की आमच्यामागोमाग उमेदवारही गंगेवर येतात. रामकुंडावर आरती होते, काळारामाच्या दारात नारळ वाढवला जातो आणि प्रचाराला आरंभ होतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उमेदवारी मिळाली म्हणून श्रद्धावान माणसाने देवळाची पायरी चढणे सोडावे, असे मी म्हणणार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या भाषणाबद्दल. त्यात नदी माता असते, पवित्र असते. परंतु तिच्या पाण्याचा ताजा तपासणी अहवाल काय सांगतो, हे मी कोणत्याच पक्षाच्या व्यासपीठावरून ऐकलेले नाही. कोणी विचारलेच, तर त्याला धर्मविरोधी ठरवून मोकळे होता येते. विज्ञानाचे नाव घेणारे काही वक्ते स्नानाला आलेल्या माणसाची टिंगल करतात, पण आकडा तेही सांगत नाहीत.

खरे तर भक्ती आणि मोजमाप यांचे वैर या घाटाला ठाऊकच नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे बातम्यांत येते, पण नाशिककर एकमेकांना विचारतात ते ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले?’ गुडघा, कंबर, छाती, गळा. देवाची मूर्ती हीच आमची पूरपट्टी, आणि सराफ बाजारातला माल हलवायचा की नाही याचा अंदाज तिच्याकडे पाहूनच बांधला जातो. सिंहस्थही गुरू सिंह राशीत आल्यावर भरतो. सूर्याभोवती फिरायला त्या ग्रहाला सुमारे ११.८६ वर्षे लागतात आणि हे गणित चुकले तर पर्वणीही चुकेल. (२४ ऑक्टोबर २०२४ च्या गुरुपुष्यामृतावर विधानसभेचे अर्ज भरायला राज्यभर झालेली लगबग आठवते. गुरूचे गणित निदान तेवढ्यापुरते सर्वपक्षीय होते.)

आता २०२७ च्या पर्वण्या तोंडावर आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार स्नानाच्या पाण्यात बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनचे मान, लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नसावे, विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये आणि १०० मिलिलिटरमधील विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या २,५०० च्या आत राहावी. बाटलीत तीर्थ भरून गावी नेणाऱ्या वृद्धेला हे तीन आकडे कळणे हा तिच्या श्रद्धेचा अपमान कसा ठरतो, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन जोपासणे हे १९७६ पासून राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, आणि प्रचारसभेतला वक्ताही नागरिकच असतो.

म्हणून विनंती अशी की, आपल्या विभागाने दुतोंड्या मारुतीशेजारी एक फलक उभारावा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ताज्या अहवालातील हे तीन आकडे, निकष शेजारी लिहून, त्यावर मांडावेत. फलक मराठीत असावा, नमुना कोठून व कोणत्या तारखेला घेतला हे त्यावर असावे, आणि आचारसंहिता लागली म्हणून तो झाकला जाऊ नये.

आपला,
पंचवटीतील एक मतदार