शस्त्रक्रियेपूर्वी रबराच्या ॲलर्जीबद्दलही विचारावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शस्त्रक्रियेपूर्वी भरून घेतल्या जाणाऱ्या फॉर्मवर बहुधा औषधांच्या ॲलर्जीचाच प्रश्न असतो, नैसर्गिक रबराचा नसतो. ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका म्हणून काम केलेले असल्याने ही उणीव मला फार खटकते; कारण रबराच्या झाडाच्या चिकातील प्रथिनांची तीव्र ॲलर्जी असलेल्या रुग्णाच्या पोटातील अवयवांना लॅटेक्सच्या, म्हणजे याच चिकापासून बनवलेल्या, हातमोज्यांचा स्पर्श झाला, तरी रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते, आणि भुलेत असलेला रुग्ण आपल्याला काय होते आहे हे सांगूही शकत नाही.

अनेकांच्या बाबतीत खुणा आधीच दिसलेल्या असतात. फुगा फुगवताना ओठ सुजतात, दातांच्या डॉक्टरांकडून आल्यावर तोंडाभोवती खाज सुटते, हातमोजे घालताच गांधी उठतात. काहींना तर केळी किंवा किवी खाल्ल्यावरही घसा खाजतो, कारण या फळांतील काही प्रथिने रबरातील प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. आपल्याकडे मात्र ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी लावले जाते आणि विषय तिथेच मिटतो. हातमोज्यांमुळे एक-दोन दिवसांनी हातावर येणारा इसब हा निराळा प्रकार. तो बहुधा रबरावरील प्रक्रियेत वापरलेल्या रसायनांमुळे होतो आणि जीवघेणा नसतो. नेमके निदान डॉक्टर त्वचेच्या किंवा रक्ताच्या चाचणीने करतात. पाठीच्या कण्यातील जन्मजात दोषामुळे वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना धोका विशेष असतो.

गांधींसोबत श्वास घरघरू लागला, घसा आवळला किंवा चक्कर आली, तर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत विनाविलंब द्यावे लागते. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाला आडवे ठेवावे (दम लागत असेल तर बसू द्यावे), एकदम उभे करू नये आणि १०८ला फोन करावा. बरे वाटले तरी त्रास काही तासांनी उलटू शकतो, म्हणून रुग्णालयात देखरेखीखाली राहणे आवश्यक आहे.

लॅटेक्सच्या हातमोज्यांतील पावडर रबरातील प्रथिने हवेत पसरवते. अमेरिकेने पावडरच्या वैद्यकीय हातमोज्यांवर जानेवारी २०१७ पासून बंदी घातली. ही प्रथिने नसलेल्या नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजे आपल्या बाजारातही मिळतात. नाशिकमधील सरकारी, महापालिकेच्या व खासगी रुग्णालयांनी, तसेच दंतवैद्यांनी फॉर्ममध्ये हा प्रश्न समाविष्ट करावा, आणि सिंहस्थातील वैद्यकीय पथकांसाठी खरेदी करताना लॅटेक्सविरहित हातमोजे व नळ्याही घ्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, नाशिक