नदीकाठच्या गावांना पुरेसा वेळ हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डॅन्यूब नदीवरील क्रूझमध्ये ऑस्ट्रियातील ड्युर्नस्टाइन या चिमुकल्या गावी उतरण्याचा योग नुकताच आला आणि सहल कंपन्यांनी अशा थांब्यांना अधिक वेळ द्यावा, असे मनापासून वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. नदीलगत मठाच्या चर्चचा निळा-पांढरा मनोरा उभा आहे, तर वर डोंगरावर, इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात ज्या किल्ल्यात कैदेत होता, त्याचे भग्नावशेष आहेत. तिथवरची पायवाट चांगलीच चढणीची आहे; पण वरून नदीचे वळण आणि दगडी बांधांवरचे द्राक्षमळे पाहिले की वाखाऊ खोऱ्याला युनेस्कोने २००० साली जागतिक वारसा का ठरवले, ते कळते. मार्गदर्शकाच्या मागोमाग मुख्य गल्ली उरकून जेवायला बोटीवर परतणाऱ्यांच्या वाट्याला यातले काहीच येत नाही आणि गावातील खानावळींनाही (हे मला अधिक खटकले) केवळ गर्दी सोसावी लागते. दिवसभराचा थांबा आणि दुपारचे जेवण गावातच घेण्याची मुभा, एवढे तरी कंपन्यांनी करावे. प्रवाशांनीही बोट तिथे किती तास थांबणार, हे नोंदणीपूर्वीच विचारून घ्यावे.

आपला,
एक वाचक