सँडब्लास्टिंगची तारीख पुढे ढकल

पुणे, १२ जून

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

पत्र आणि फोटो पोहोचले. संग्रहालयाला मिळालेला जीएमसी सीसीकेडब्ल्यू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन लष्कराचा अडीच टनी ट्रक, पुढच्या आठवड्यात सँडब्लास्टिंगला जाणार, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. ती तारीख पुढे ढकल.

१९४१ ते १९४५ या काळात असे पाच लाखांहून जास्त ट्रक बनले, त्यातले कितीतरी तुझ्या मिशिगनमधल्या पाँटियाकला. आसामातल्या लेडोहून पहिला काफिला १२ जानेवारी १९४५ ला निघून ४ फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोहोचला. त्या रस्त्यावरही हेच राबले. तुमचा ट्रक कुठे राबला, हे त्याच्या रंगाच्या थरांत लिहिलेलं असू शकतं. वाळूचा मारा ते तासाभरात पुसून टाकेल.

म्हणून आधी रंग वाच. बॉनेटच्या दोन्ही बाजू, मागचं फळकं आणि पुढचा बंपर, एवढ्याच जागा धर. ४०० नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी आणि हलका हात. वरचा, युद्धानंतर शेतावर किंवा अग्निशमन दलात दिलेला रंग निघाला की ६०० नंबरवर ये. बॉनेटवर नोंदणी क्रमांक मिळाला तर तो बहुधा ४ ने सुरू होईल, अडीच टनी ट्रकचा तोच आकडा. बंपरवर तुकडीची अक्षरं असतात. प्रत्येक थराला थांब, दिवा बाजूने तिरका धरून फोटो घे, शेजारी मोजपट्टी ठेव. कोरडं घासू नकोस. जुन्या प्रायमरमध्ये शिसं असतं, त्याची धूळ फुफ्फुसात जाते. पाण्याने घासतानाही मास्क हवाच.

मूळ छटा हवी असेल तर ऊन न लागलेल्या जागी बघ: डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला किंवा एखाद्या पट्टीखाली. बाहेरचा रंग पांढुरका पडलेला असतो, त्यावरून छटा जुळवली तर ट्रक फिकट दिसतो. रंग बिनचमकेचाच घे. थोडी जरी चमक आली तरी ट्रक खेळण्यासारखा दिसतो आणि पत्र्याचा प्रत्येक पोचा उठून दिसतो. अमेरिकन लष्कराची खूण असलेला पांढरा तारा पत्र्यावर सापडला नाही तर नव्याने रंगवू नका. लोकांना तो आवडतो हे खरं, पण संग्रहालयाने न सापडलेली खूण रंगवणं मला मान्य नाही.

हे सगळं नोंदवून झालं की चासीला सँडब्लास्टिंग चालेल. बॉनेट, मडगार्ड आणि दरवाजे मात्र त्यातून वगळ. पातळ पत्रा माऱ्याने ताणला जातो, लाटा येतात आणि मग त्या पुट्टीने भरत बसावं लागतं. तिथे रंग काढायचं रसायन आणि हाताची खरवडणी बरी.

आता चाकं, कारण जीव इथेच जातो. वीस इंची रिमवर टायर लॉक रिंगने, म्हणजे लोखंडी कड्याने, अडकवलेला असतो; आत हवा असताना ते सुटलं तर गोळीसारखं उडतं. नटला पाना लावण्याआधी दहाही चाकांच्या व्हॉल्व्हच्या पिना काढ. नंतर प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये तार घालून बघ, कारण गंजाचे कण अडकले की पिन काढूनही हवा आत राहते. रिंग गंजाने खाल्लेली किंवा वाकलेली असेल तर ती भंगारात. नवा टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भर. लांब पाइप आणि चिमट्याचं नोझल वापर, स्वतः बाजूला उभा राहा.

डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेला माणूस पान्याला पाइप लावून जोर करतो आणि स्टड, म्हणजे चाकाचा बोल्ट, तुटतो. नटच्या किंवा स्टडच्या तोंडावर एल कोरलेलं दिसेल. मागच्या जोडचाकांत बाहेरच्या नटच्या आत दुसरा चौकोनी डोक्याचा नट असतो, तो आतलं चाक धरतो. जोडताना आतला पूर्ण आवळ, मगच बाहेरचा. आतला पुन्हा आवळायचा तर बाहेरचा आधी सैल करावा लागतो. हा क्रम चुकला की चाक डुगडुगतं आणि स्टड कापले जातात.

इंजिन जाम आहे म्हणतोस. ट्रक ओढून ते फिरवायचा विचार कुणी मांडला तर ठाम नाही म्हण. त्यात कनेक्टिंग रॉड वाकतात. सहा प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ५० मिली अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल निम्मं-निम्मं सोड, आठवडाभर थांब. अॅसिटोन ज्वालाग्राही आहे, जवळ ठिणगी नको. दरम्यान वरचं झाकण उघडून सगळे व्हॉल्व्ह हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके दाबून बघ, ते खाली-वर व्हायला हवेत. अडकलेल्या व्हॉल्व्हवर इंजिन फिरवलं की पुशरॉड वाकतो. मग हँडलने पुढे-मागे थोडं थोडं हलव. मिशिगनच्या थंडीत पाणी आत राहिलं असेल तर ब्लॉक फुटलेला असू शकतो, म्हणून खर्चाला हात घालण्याआधी त्याच्या बाजू वायर ब्रशने साफ करून भेगा शोध. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम, १-५-३-६-२-४.

वायरिंग सहा व्होल्टचं आहे, ते तसंच ठेव. व्होल्टेज निम्मं म्हणजे त्याच कामाला करंट दुप्पट. बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल लावली की स्टार्टर कण्हतो आणि केबल तापते. बॅटरीची केबल जाड तांब्याची घे.

ब्रेकच्या ड्रममधली धूळ कंप्रेसरने उडवू नकोस, तिच्यात अॅस्बेस्टस असतं. ओल्या फडक्याने पूस आणि फडकं पिशवीत बंद कर. सगळी रबरं नवी टाकणार असशील तर सिलिकॉनचं ब्रेक ऑइल भर. ते पाणी शोषत नाही, त्यामुळे उभ्या गाडीत सिलिंडर गंजत नाहीत. जुन्या तेलात मिसळू मात्र नकोस.

दालनात नेल्यावर पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी कर, बॅटरी काढून ठेव, धुऱ्यांखाली काळ्या रंगाच्या घोड्या लाव. टायर जमिनीला टेकलेले दिसतील, पण वजन त्यांच्यावर नसेल. खाली तेलाचा ट्रे ठेव, जुने सील गळतातच. हौद्यावरची मूळ ताडपत्री उरली असेल तर ती मंद उजेडात वेगळी जपून ठेव आणि ट्रकवर नवी सुती चढव. हौदा लाकडी असेल तर बुरशी लागलेल्या फळ्याच बदल. प्रत्येक नव्या फळीच्या खालच्या बाजूला बदलल्याचं वर्ष कोर.

आणि धुऱ्याचे सील मागवू नकोस अजून. या ट्रकला दोन प्रकारचे धुरे येत: एकात मधला गोळा अखंड, दुसऱ्यात तो मधोमध बोल्टांनी जोडलेला. दोघांचे भाग एकमेकांना बसत नाहीत. तिन्ही धुऱ्यांचे समोरून आणि मागून फोटो पाठव, मग यादी करू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक