हे पाऊसगाणे नव्हे

महोदय,

पावसाळा आला की इंदिरा संतांची ‘नको नको रे पावसा’ ही कविता पाऊसगाणे म्हणून हमखास म्हटली जाते. खरे तर ती विरहाची कविता आहे. आधी घरधणीण पावसाला दटावते: घर चंद्रमौळी, दारात सायली, नेसूचे जुनेर; गळतीखाली ठेवायला भांडी आणू कुठून? मग मधेच सूर पालटतो. त्याच आडदांडाला ती वाटेवरच्या सख्याला माघारी आणायला धाडते. भांडी नाहीत म्हणणारी हीच बाई त्यासाठी पितळेची लोटीवाटी मांडायला तयार! सगळी आर्तता या बदललेल्या हिशेबात आहे. संतांचे पती १९४६ साली गेले हे ठाऊक असले, तरी या ओळींना चरित्राचा टेकू लागतो असे मला वाटत नाही.

– एक वाचक, बेळगाव