दवाखाना टाकण्याआधी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, चोपड्यात गाळा बघून ठेवलाय, दवाखाना केव्हा टाकतेस, असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

इंटर्नशिपला रात्रपाळीत मोटारसायकलवरून पडलेली पोरं यायची. बहुतेक कॉलेजातली. एकाच्या कपाळावरची जखम धुताना आत कापसाचे तंतू निघाले. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर कापसाची ट्रॉली अंधारात उभी होती, तिच्यावर हा आदळला होता. ट्रॉलीला मागे दिवा होता का, रस्ता कुठला, वाजले किती, यातलं केसपेपरवर काहीच नव्हतं. आम्ही टाके घातले. त्याच्या आईला सगळे सांगत होते, नशीब म्हणून वाचला. माझ्या डोक्यातून मात्र ती ट्रॉली गेली नाही. ती उद्याही तिथेच उभी राहणार होती.

मग अशा इजा कशा होतात आणि कशा टाळता येतील, यावर वाचायला लागले; आता त्याच विषयात पीएच.डी. करतेय. ५ ते २९ वयाच्या मुलामाणसांचे जगात सगळ्यात जास्त जीव रस्ते अपघातात जातात, कुठल्याही रोगापेक्षा जास्त. विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७० च्या सुमारास एक साधा तक्ता मांडला: अपघाताआधी, अपघात होताना आणि नंतर, माणूस, वाहन आणि रस्ता यांत काय बदलता आलं असतं? पोरगं बेफाम चालवत होतं, एवढ्यावर मग थांबता येत नाही. हेल्मेट, ट्रॉलीचा रिफ्लेक्टर, वळणावरचा दिवा, ॲम्ब्युलन्सला लागलेला वेळ, सगळ्याचा हिशेब मांडावा लागतो.

आई, तुला भीती वाटते ती मारामाऱ्यांची. पण तेही याच अभ्यासात येतं. जागतिक आरोग्य सभेने १९९६ सालीच हिंसेला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हटलंय. पोरं दवाखान्यात "पडलो" म्हणतात आणि पोलिसांकडे जातच नाहीत. वेल्समधल्या कार्डिफ शहरात प्रा. जोनाथन शेफर्ड या सर्जननी यावर वाट काढली. मारहाण कुठल्या ठिकाणी, केव्हा, कशाने झाली एवढंच जखमींना विचारायचं आणि नावं गाळून ती माहिती पोलीस-नगरपालिकेला द्यायची. गस्त कुठे वाढवायची ते त्यावरून कळलं आणि दवाखान्यात भरती होण्याइतक्या मारामाऱ्या तिथे कमी झाल्या. आपल्या तालुक्यांच्या दवाखान्यांत असे चार प्रश्न विचारता येतील का, हाच माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. मी कुणाला धरून देणार नाही, आई. कुणाचं नावही माझ्या वहीत येणार नाही.

गाळ्याचं म्हणाल तर तो दुसऱ्या कुणाला देऊन टाका. मला हेच काम करायचंय, आणि आपल्याच भागात.

एक काम मात्र तुमच्याकडे आहे. पाण्यात बुडणं हेही आमच्याच विषयात मोडतं. सुट्टीत मावशीची पोरं मळ्यात येतील, आणि आपल्या विहिरीला एका बाजूने कठडाच नाही. त्याआधी बांधून घ्या. पुढच्या आठवड्यात स्टायपेंड आला की पैसे पाठवते, तोवर गवंड्याला बोलावून ठेवा.

तुमची,
सोनू