डबा नंबर २३ ला, बजाजनगरच्या काकूंकडून

बाळा,

तुझं नाव इथे घालत नाही. तुला ते आवडायचं नाही, आणि खरं सांगू का, आमच्या मेसमध्ये तू नावाने कधी नव्हतासच. झाकणावर लाल नेलपॉलिशने काढलेला २३, तोच तू. चार दिवसांपासून फोन लावून राहिली, बंद येतो. पोट्टे म्हणतात, स्मार्टफोन गोंदियाला आईजवळ ठेवला आणि बटणांचा फोन घेऊन तू पुण्याला अभ्यासाला गेलास. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते. तिथल्या एखाद्या अभ्यासिकेत कुणी वाचलं तर तुझ्या कानावर घालेल.

पैसे आले रे. पूर्ण २,४९९.

मंगळवारी दुपारी कुकरच्या शिट्ट्या चालू असताना मेसेज वाजला. आता मी एकूण एक मेसेज उघडून पाहते, ही तूच लावलेली सवय. आधी धस्स झालं, वाटलं परत कापले. मग 'क्रेडिट' दिसलं. यांना हाक मारली तर हे म्हणाले, आधी गॅस बंद कर.

तुला सगळं ठाऊक आहे, पण बाकी वाचणाऱ्यांना नाही. पोळ्याच्या सणासाठी पुरणपोळीच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. मोबाइलवर पोस्टर करायच्या एका ॲपची जाहिरात आली. तुमचा फोटो, तुमच्या मेसचं नाव, सणाचं पोस्टर, सात दिवस फुकट, फक्त १ रुपया. वर दहा मिनिटांचं घड्याळ उलटं पळत होतं. बंद करायला गेले तर खाली बारीक बटण: 'नको, मला माझा व्यवसाय वाढवायचा नाही.' आता जी बाई धंदा वाढावा म्हणूनच पोस्टर करायला बसली, ती त्यावर बोट ठेवेल का? टाकला पिन. पोस्टर चांगलं झालं, खोटं कशाला बोलू, साठेक पोळ्या जास्तीच्या गेल्या. तिसऱ्या दिवशी ॲप काढून टाकलं. माझ्या लेखी विषय संपला.

आणि मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अर्धं नागपूर महाल-इतवारीत 'घेऊन जा गे मारबत' ओरडत असताना, माझ्या खात्यातून २,४९९ गेले. म्हणजे जवळजवळ एका पोराच्या महिन्याच्या डब्याचे पैसे, तेही त्या महिन्यात गॅस, तेल, सगळं चढलेलं असताना.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, 'मॅडम, परवानगी तुम्हीच दिली आहे.' मागे रांगेत आमच्या गल्लीतल्या दोघी होत्या. मी 'बरं' म्हणून निघून आले. मला पैशापेक्षा ते जास्त लागलं. वीस वर्षं मेस चालवते, भाजीवाल्याने पाव किलोत दहा ग्रॅम मारले तरी मला हातात कळतं, आणि इथे एका रुपयाच्या आमिषाला भुलले.

त्या रात्री वरणात मीठ दोनदा पडलं. पोरांनी पाणी पीत पीत जेवण उरकलं. तू मात्र ताट ठेवायला आलास आणि दारातच थांबलास. 'काकू, काय झालं?'

मी सांगितलं तेव्हा तू 'कशाला दाबलं?' असं विचारलं नाहीस. हे पत्र खरं तर तेवढ्यासाठी आहे. घरातल्यांनी विचारलं, बहिणीने फोनवर विचारलं, बँकेतल्या मुलाने न विचारता विचारलं. तू एकदम खूश होऊन म्हणालास, 'काकू, हा तर सबस्क्रिप्शन ट्रॅप! चालू घडामोडीत आहे आमच्या!' आणि बेसिनपाशी उभा राहून धडाधडा सांगत सुटलास: डार्क पॅटर्न म्हणजे ॲपवर गिऱ्हाइकाला गंडवून होकार घ्यायच्या युक्त्या, ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने त्यांच्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार. ते पळतं घड्याळ म्हणजे खोटी घाई. ते लाज आणणारं बटण, त्यालाही नाव आहे, कन्फर्म शेमिंग. तेरांतले मला आता चारच आठवतात, पण त्या रात्री केवढं हलकं वाटलं. जे करायला सरकारला नियमात नावं पाडावी लागली, त्याला मी एकटी कशी बळी पडले असेन?

तेवढ्यात यांनी गूगलवरून त्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधून आणला होता आणि लावायच्या बेतात होते. तू झडप घालून फोन घेतलास. असे नंबर बरेचदा भामट्यांनीच टाकलेले असतात, स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला लावतात आणि उरलंसुरलं खातं धुऊन नेतात, हे तू यांना समजावलंस. यांना राग आला होता हं. दोन दिवसांनी तुला भाजी यांनी स्वतः वाढली, तेव्हा मी समजले की राग गेला.

मग तू मला एकेक दाखवलंस. ॲप काढलं तरी परवानगी जिवंतच राहते, हे मला त्या दिवशी कळलं. यूपीआयमध्ये ऑटोपे म्हणून एक खण असतो, त्यात ती कंपनी आरामात बसली होती, दर वर्षी २,४९९ उचलायला मोकळी. एका रुपयासाठी टाकलेला पिन हा त्या पुढच्या सगळ्यांचा होकार होता. १५ हजारांपर्यंतच्या अशा हप्त्याला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दर वेळी पिन लागत नाही, मात्र किमान २४ तास आधी कळवावं लागतं. 'कळवलं असेल बघा,' तू म्हणालास. शोधलं तर होता मेसेज, पोळ्याच्या दिवशी सकाळी ११.४० चा. इंग्रजीत. तेव्हा माझे दोन्ही हात पुरणात होते. म्हणजे बँकेने आपलं काम केलं होतं. मान्य करायला जड गेलं, पण केलं. ऑटोपे मात्र तिथल्या तिथे रद्द केलं, माझ्या पिनने, माझ्या बोटाने.

तक्रारही तू लिहून दिली नाहीस. मला तेव्हा रागच आला, सांगते. हा पोरगा दोन मिनिटांत टाइप करेल, मला कशाला राबवून राहिला? पण तू डब्यांच्या हिशेबाची वहीच पुढे सरकवलीस. 'काकू, मराठीतच लिहा. काय दिसलं, काय दाबलं, कधी कापले, काय पाहिजे. रागावायचं नाही.' सहा ओळी झाल्या. 'लुटारू' शब्द तू खोडायला लावलास. यूपीआयचा बारा आकडी नंबर, स्क्रीनशॉट, खालचं ते करड्या रंगातलं बारीक अक्षर मोठं करून काढलेला फोटो, सगळं जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल, असा २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा दाखलाही घातला.

पोच आली. चौथ्या दिवशी उत्तरही आलं, गोड भाषेत: आमच्या धोरणात परतावा नाही. मी म्हटलं, जाऊ दे बापा, झालं. तू म्हणालास, 'आता तर सुरू झालं.' आणि मी १९१५ ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मी तर १९३० लावणार होते, पण तो सायबर फसवणुकीचा, हे प्रकरण तिथलं नाही, असं तूच म्हणालास. मराठीत बोलायची सोय निघाली. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तक्रारीचा क्रमांक दिला. तो मी फ्रिजवर संत्र्याच्या चुंबकाखाली लावला, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. हेल्पलाइन हुकूम देत नाही, मध्ये पडून कंपनीकडून उत्तर मागते. नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे आपण मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मी आयोगात जाणार, या कल्पनेनेच हे दोन दिवस हसत होते. जायची वेळ आली नाही. हेल्पलाइनमार्फत गेल्यावर त्याच कंपनीला ते धोरण कुठे सापडेना.

एकदा मी तुझ्या डब्यात चार सांबारवड्या जास्त घातल्या होत्या. (पुण्यात हा शब्द वापरू नकोस, तिथे सांबार म्हटलं की इडलीबरोबरचं समजतात, कोथिंबीर म्हण.) तू त्यातल्या दोन ३१ नंबरला दिल्यास, हे मला त्यानेच सांगितलं. आता त्या ३१ नंबरच्या वडिलांचेही असेच कुठल्या तरी ज्योतिषाच्या ॲपवर पैसे अडकले आहेत. परवा त्याला वही पुढे सरकवली. तोही म्हणाला, 'काकू, तुम्हीच लिहा ना.' नाही लिहिलं.

आता एक राहिलं. महिना भरून घेतला आणि तू ११ दिवस आधी निघून गेलास. घाईत विचारलंही नाहीस. त्या दिवसांचे पैसे काढून ठेवले आहेत, वहीत तुझ्या नावापुढे नाही, २३ पुढे लिहिले आहेत. मित्राचा नाही तर आईचा यूपीआय कळव. स्क्रीनशॉट, तक्रार क्रमांक काही लागणार नाही, आणि आमच्याकडे परताव्याचं धोरण आहे.

तुझी,
मेसवाली काकू