गाव्दोसच्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. या पत्राचा इंग्रजी मजकूर तुमच्या नातीला वेगळा पाठवला आहे, ती वाचून दाखवेलच. इथे मराठीत अशासाठी लिहितोय की आमच्या कोकणात घरटी एखादा तरी बोटीवर असतो. त्या सगळ्यांना तुमचं बेट आणि तुम्ही माहीत असायला हवेत.

ग्रीसच्या क्रीट बेटाच्याही दक्षिणेला, लिबियन समुद्रात असलेलं गाव्दोस म्हणजे युरोपचं दक्षिण टोक. हिवाळ्यात तिथे आमच्याकडच्या एखाद्या वाडीएवढीच माणसं उरतात. माल्टाहून सायप्रसला निघालेली आमची शिडाची नौका बेटाच्या आडोशाला आली आणि वारा पडला. इंजिन सुरू केलं, तर पाणी ओढणाऱ्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बसली आणि इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचं पाणी खेचणारं रबरी चक्र, कोरडा फिरून फाटला. जवळचा सुटा इम्पेलर आधीच वापरून झाला होता. लाटा आम्हाला खडकांकडे ढकलत होत्या आणि नांगर टाकावा तर खाली पाणी खोल. तेवढ्यात तुमची लाकडी होडी आली. तुम्ही दोर फेकलात आणि बेटावरच्या कारावे बंदराच्या धक्क्याला आणून बांधलंत.

संकटातली नौका वाचवणाऱ्याला समुद्री कायद्याने मोबदला मागता येतो. तुम्ही तो विषयही काढला नाहीत. आमचं इंजिन उघडायला बसलात.

इम्पेलर असतो मुठीत मावेल एवढा. आमच्या इम्पेलरच्या सहापैकी चार पाकळ्या गायब होत्या. तुम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून स्वतःच्या होडीसाठी ठेवलेला इम्पेलर काढलात, आमच्या फाटक्या इम्पेलरशेजारी धरलात, पाकळ्या मोजल्यात, व्यास मापलात. माप जुळलं. पण तो बसवू देईनात! तुटलेले तुकडे आत राहिले तर पाण्याची वाट अडते आणि इंजिन पुन्हा तापतं, म्हणून वाकवलेल्या तारेने नळ्या धुंडाळत बसलात. चौथा तुकडा हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या, तोंडाशी सापडला. चारही तुकडे फडक्यावर जुळवून पाहिलेत, मगच नव्या पाकळ्यांना भांडी घासायचा साबण चोळून, सुतळीने वळवून चक्र आत सरकवलंत. आमच्या स्किपरने उभं आयुष्य समुद्रावर काढलंय. तोही मुकाट्याने टॉर्च धरून उभा होता.

काका, तो तुमच्याकडचा एकच होता. बेटावर सगळं बोटीने येतं आणि वारा चढला की फेरी बंद. मधल्या काळात तुमचा बिघडला असता, तर मासेमारी थांबली असती. नातीने हे सांगितलं तेव्हा आम्ही इम्पेलर परत घ्या म्हणून हट्ट धरला, पण तुम्ही डबा बंद करून टाकलात.

काकींचे आभार कसे मानू? बार्लीची कडक भाकरी पाण्याने भिजवून, वर किसलेला टोमॅटो, चीज आणि ऑलिव्हचं तेल. तसं जेवण बंदरातल्या कुठल्या हॉटेलात मिळालं नाही. रात्री दिलेली ब्लँकेटं कोणासाठी रचून ठेवलेली असतात, तेही कळलं. लिबियातल्या तोब्रुकहून स्थलांतरितांच्या बोटी येतात, त्यांत भिजलेली, थकलेली माणसं असतात, लहान मुलंही असतात. त्यांना पहिलं पाणी आणि पहिली ऊब तुमच्यासारखीच घरं देतात. युरोपातल्या मोठमोठ्या शहरांत या लोकांवर वाद चालतात. तुमच्याकडे मात्र आधी चूल पेटते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

नातीने आणखी एक गोष्ट सांगितली. संत पॉलला रोमकडे नेणारं जहाज वादळात सापडलं, तेव्हा याच बेटाच्या आडोशाला खलाशांनी मोठ्या कष्टाने जहाजाची छोटी होडी वर ओढून घेतली आणि जहाजाला दोरखंड आवळले. बायबलमध्ये बेटाचं नाव कौदा असं आहे. दोन हजार वर्षं होत आली, आणि दर्यावर्दी अजून तिथेच आसरा शोधतात.

सायप्रसच्या लिमासोलहून दोन इम्पेलर पाठवले आहेत. क्रीटमधल्या पालेओहोराच्या फेरीने येतील. एक तुमच्या डब्यात ठेवा, दुसरा पुढे कोणी अडकलं तर द्या. मिळाल्याबरोबर एकदा होडीला लावून बघा, आणि माप चुकलं असेल तर नातीला लगेच कळवायला सांगा, बदलून पाठवतो. काकींना नमस्कार.

आपला,
नौकेवरचा मराठी खलाशी